किडनी ट्रान्सप्लांट: पुण्यातल्या रुग्णांसाठी आणि किडनी देणाऱ्या नातेवाइकांसाठी

‘आता ट्रान्सप्लांटचा विचार करा’ असं नेफ्रॉलॉजिस्टनी (किडनीच्या डॉक्टरांनी) सांगितलं की घरात लगेच चर्चा सुरू होते: कोण देणार? त्याआधी एक गोष्ट विचारून घ्यायची असते, ती म्हणजे किडनी खराब कशामुळे झाली. डायबेटिस आणि ब्लडप्रेशर ही नेहमीची कारणं. पण एफएसजीएस किंवा आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीच्या गाळणीचे आजार) किंवा ऑक्झॅलोसिस (शरीरात ऑक्झॅलेट साठण्याचा आजार) असेल तर तोच आजार नव्या किडनीतही उलटू शकतो. पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी होणं) किंवा अल्पोर्टसारखा आनुवंशिक आजार असेल तर भाऊ-बहीण आणि मुलं यांच्यातही तो लपलेला असू शकतो. पंचविशीतल्या बहिणीची सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून तिला पॉलिसिस्टिक आजार नाही असं ठरत नाही. गाठी पुढे वाढतात, म्हणून तिथे जनुकीय चाचणी लागते. जुना बायोप्सी रिपोर्ट असेल तर तो शोधून फाईलला लावा. किडन्या आकसल्यावर बायोप्सी सहसा करत नाहीत, त्यामुळे तो एक जुना कागदच कामाला येतो.

वेळ कधीची

ईजीएफआर (किडनीचं काम किती उरलंय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) २० च्या खाली गेला की तयारी सुरू करावी. डायलिसिस सुरू व्हायची वाट पाहण्यात फायदा काहीच नाही. दाता तयार असेल तर डायलिसिसशिवाय थेट ट्रान्सप्लांटही होतं आणि त्याचे निकाल चांगले असतात. मात्र दात्याच्या तपासण्या आणि कागदपत्रं यात दोन-तीन महिने सहज जातात. म्हणून फिस्टुलाचं (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडण्याचं) ऑपरेशन पुढे ढकलू नका. फिस्टुला वापरण्याजोगा व्हायला दीड-दोन महिने लागतात, आणि तो नसेल तर ऐनवेळी मानेत कॅथेटर घालावा लागतो, त्यातून जंतुसंसर्ग होतो. ज्या हातावर फिस्टुला करायचा आहे (बहुतेकांचा डावा) त्या हाताची शीर रक्त काढायला किंवा सलाइनला कुणालाही देऊ नका. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर बीपीही मोजायचं नाही.

याच काळात हेपॅटायटिस बीची लस दुप्पट मात्रेने ०, १, २ आणि ६ महिने अशी पूर्ण करायची, न्यूमोकॉकल आणि फ्लूची लस घ्यायची, दात दाखवून किडलेले दात काढायचे किंवा भरून घ्यायचे. कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी ट्रान्सप्लांटनंतर देता येत नाहीत, त्या लागणार असतील तर आधीच.

हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून रक्ताची बाटली चढवायचा आग्रह नातेवाईक धरतात. तो धरू नका. प्रत्येक बाटलीबरोबर परक्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी तयार होण्याची शक्यता वाढते आणि पुढे क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ही तपासणी) पॉझिटिव्ह येतो. आयर्न आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी भागत असेल तर तेच बरं.

किडनी कायद्याने कोण देऊ शकतं

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात, २०११ च्या दुरुस्तीनंतर, जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडं. बस. काका, मामा, आत्या, मावशी, चुलतभाऊ, सून, जावई, वहिनी, मेव्हणा हे घरात कितीही जवळचे असले तरी या यादीत नाहीत. त्यांना देता येत नाही असं नाही, पण त्यांचं प्रकरण ऑथोरायझेशन कमिटीपुढे जातं. वर्षाला २५ किंवा त्याहून जास्त ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलची स्वतःची कमिटी असते, बाकीच्यांची प्रकरणं शासनाच्या कमिटीपुढे जातात. तिथे पैशाची देवाणघेवाण नाही हे पटवून द्यावं लागतं, दोघांच्या उत्पन्नाचे पुरावे लागतात आणि मुलाखत होते.

नातेवाईक दात्यासाठी फॉर्म १, नवरा-बायकोसाठी फॉर्म २, इतरांसाठी फॉर्म ३, आणि रुग्ण-दात्याचा एकत्रित अर्ज फॉर्म ११. सोबत आधार, पॅन, रेशन कार्ड, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, विवाह प्रमाणपत्र, कुटुंबाचे जुने फोटो. अडतं ते नावांवर. बहिणीच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आईच्या आधारवर जन्मतारीख म्हणून नुसती १ जानेवारी. रेशन कार्डावर नाव ‘सुमन’ आणि बँकेत ‘सुमनबाई’. हे सगळं पहिल्याच आठवड्यात एका टेबलावर मांडून ताडून पाहा. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातला नावबदल किंवा नोटरीचं प्रतिज्ञापत्र, ज्याने जे जुळेल ते तेव्हाच करून घ्या. कागदांवरून नातं सिद्ध होत नसेल तर एचएलए (पेशींवरच्या जुळणीच्या खुणा) किंवा डीएनए तपासणीने करावं लागतं.

दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी असं २०१४ च्या नियमांतच आहे. २०२२ मध्ये पुण्यात परक्या बाईला रुग्णाची बायको दाखवून किडनी घेतल्याचं प्रकरण उघडकीला आलं होतं. त्यामुळे हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट समन्वयकाने चौथ्यांदा तोच कागद मागितला तर वैतागू नका. किडनीचा पैशाने व्यवहार केल्यास ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. ‘ओळखीचा एक माणूस आहे, सगळं मॅनेज करतो’ असं कोणी म्हणालं तर बोलणं तिथेच थांबवा.

दात्याच्या तपासण्या: स्वस्तापासून महागाकडे

घरातल्या पाच जणांच्या एकदम सगळ्या तपासण्या करून पन्नास-साठ हजार घालवणारी कुटुंबं आहेत. गरज नसते. क्रम असा धरा.

पहिली पायरी रक्तगट. ‘ओ’ कोणालाही देऊ शकतो, ‘एबी’ कोणाकडूनही घेऊ शकतो, ‘ए’ची ‘ए’ आणि ‘एबी’ला चालते, ‘बी’ची ‘बी’ आणि ‘एबी’ला. पॉझिटिव्ह-निगेटिव्हने इथे काही फरक पडत नाही. याच वेळी दात्याचं वजन, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशीचं बीपी, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीचं काम घटलं की रक्तात वाढणारा घटक), लघवीची साधी तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी. निम्म्याहून अधिक ‘नाही’ इथेच कळतात.

यातून जो उरला त्याची दुसरी फेरी: २४ तासांच्या लघवीतलं प्रोटीन, ग्लुकोज देऊन साखर, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी-सी, छातीचा एक्स-रे, इसीजी, इको, स्त्रियांसाठी मॅमोग्राफी आणि पॅप स्मिअर. मग रुग्ण आणि दाता दोघांचं एचएलए टायपिंग आणि क्रॉसमॅच. आईची किडनी मुलाशी अर्धी तरी जुळतेच. नवरा-बायकोची बहुधा जुळत नाही. पण आजच्या औषधांमुळे एचएलए न जुळणं हा अडथळा राहिलेला नाही. अडथळा असतो पॉझिटिव्ह क्रॉसमॅच. ज्या स्त्रीला किडनी हवी आहे तिला नवरा किंवा मुलगा देत असेल तर याकडे जास्त लक्ष लागतं, कारण गरोदरपणात तिच्या शरीराने नवऱ्याकडच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार केलेल्या असू शकतात.

शेवटी डीटीपीए स्कॅन आणि सीटी अँजिओग्राफी. डीटीपीएवरून दोन्ही किडन्यांचं काम वेगवेगळं कळतं, सीटीवरून रक्तवाहिन्यांचा नकाशा. एकूण जीएफआर ९० च्या वर असेल तर निर्धास्त, ६० च्या खाली असेल तर दान नाही, मधल्यांबाबत वय पाहून ठरवतात. दोन्हींत फरक असेल तर चांगली किडनी दात्याकडेच ठेवायची हा नियम आहे. एरवी डावी घेतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते.

दात्याने एकट्याने विचारायचे प्रश्न

हा भाग हॉस्पिटलात घाईत उरकला जातो, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडे देणाऱ्यांत बायका जास्त आणि मिळणाऱ्यांत पुरुष जास्त, हे कुठल्याही ट्रान्सप्लांट ओपीडीच्या बाकावर बसलं की दिसतं. आई तर विचारायच्या आधीच ‘माझी घ्या’ म्हणते. तिच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पण तिची शुगर काठावर असेल तर ते सांगायला घरात कोणी धजत नाही.

दात्याने समुपदेशकाला आणि डॉक्टरांना एकदा तरी रुग्ण आणि घरचे बाहेर असताना भेटावं. शक्यतो रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि दात्याची बाजू पाहणारे डॉक्टर वेगळे असावेत. नसतील तर तसं मागा. सही केल्यानंतरही, भूल देण्याच्या क्षणापर्यंत, दाता मागे फिरू शकतो. बऱ्याच टीम अशा वेळी घरच्यांना फक्त ‘दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढंच सांगतात. हे दात्याला आधीच माहीत असावं, कारण नकार देता येतो हे कळल्यावर दिलेला होकारच खरा.

धोके आकड्यांत सांगायचे तर ऑपरेशनमध्ये दाता दगावण्याचं प्रमाण दहा हजारांत तीन किंवा त्याहून कमी. उरलेली किडनी हळूहळू मोठी होते आणि एकूण काम आधीच्या ७० टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. पुढे आयुष्यात कधी दात्याचीच किडनी निकामी होण्याची शक्यता १ टक्क्याच्या आत आहे, पण निरोगी आणि किडनी न दिलेल्या माणसापेक्षा ती जास्त आहे. तरुण दात्यासमोर आयुष्याची अधिक वर्षं असतात, म्हणून पंचविशीतला मुलगा आणि पंचावन्न वर्षांची निरोगी आई दोघंही तयार असतील तर डॉक्टर आईकडे झुकतात. मूल व्हायचं असलेल्या स्त्रीने किडनी दिली तर नंतरच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका काहीसा वाढतो. मुलं झाल्यावर देणं बरं.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. खासगी नोकरीत एचआरशी आधी बोला आणि लेखी घ्या. बसून काम असेल तर तीन-चार आठवड्यांत रुजू होता येतं. हमाली, शेती, गॅस सिलिंडर उचलणं, पाण्याच्या कळशा भरणं असेल तर किमान सहा आठवडे नाही.

घरातून जुळत नसेल तर

दोन कुटुंबांत अदलाबदल करता येते: तुमच्या दात्याची किडनी त्यांच्या रुग्णाला, त्यांच्या दात्याची तुमच्या. याला स्वॅप म्हणतात. दोन्ही जोड्यांत नातं जवळचं असावं लागतं आणि दोन्ही ऑपरेशनं एकाच वेळी करतात, म्हणजे एकाचं झाल्यावर दुसरा माघार घेऊ शकत नाही. रक्तगट न जुळताही ट्रान्सप्लांट होतं. त्यासाठी आधी रिटुक्सिमॅब आणि प्लाझ्मा एक्स्चेंज करून अँटिबॉडी कमी करतात. खर्च काही लाखांनी वाढतो आणि सुरुवातीच्या संसर्गाचा धोकाही. स्वॅप मिळत असेल तर आधी तो पाहावा असं आमचं मत.

तिसरा रस्ता मेंदुमृत दात्याच्या किडनीसाठीच्या प्रतीक्षा यादीचा. पुणे विभागाची यादी झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, चालवतं. तुम्ही थेट तिथे जाऊन नाव घालत नाही. मान्यताप्राप्त हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट समन्वयकामार्फत नोंदणी होते. २०२३ पासून अधिवासाची अट नाही आणि ६५ वर्षांची वयोमर्यादाही नाही. ‘ओ’ गटाची रांग सगळ्यांत लांब. घरात दाता तयार होत असला तरी यादीत नाव घालून ठेवा.

फोन बहुधा अवेळी येतो. समन्वयकाकडे किमान तीन नंबर द्या, आणि नंबर बदलला तर त्याच दिवशी कळवा. फोन आल्यावर काही खायचं-प्यायचं नाही, शेवटचं डायलिसिस कधी झालं ते सांगायचं, ताप किंवा जखम असेल तर लपवायचं नाही. हॉस्पिटलला पोहोचल्यावर क्रॉसमॅच होतो आणि तो पॉझिटिव्ह आला तर परत यावं लागतं. एका किडनीसाठी दोन-तीन रुग्णांना बोलावतात, त्यामुळे हे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. मेंदुमृत दात्याची किडनी सुरुवातीला सुस्त असू शकते. आठवडा-दोन आठवडे डायलिसिस लागलं म्हणजे ट्रान्सप्लांट फसलं असं नाही.

पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी ट्रान्सप्लांटसाठी मर्यादा साडेचार लाख रुपये आहे. हॉस्पिटल योजनेत आहे एवढंच विचारू नका. ट्रान्सप्लांटसाठी आहे का ते विचारा. सरकारी ससून रुग्णालयातही ट्रान्सप्लांट होतात. पुण्यातली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत आणि त्यांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, बिलिंग काउंटरला नाही. दाखला ऑपरेशन ठरल्यावर काढायला धावू नका.

पॅकेज ऐकल्यावर विचारा: दात्याचं बिल यात आहे का? शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून द्यायचं एटीजी किंवा बॅसिलिक्सिमॅबचं इंजेक्शन? मूत्रनलिकेत ठेवलेली नळी (स्टेंट) काढणं? बायोप्सी लागली तर? विमा असेल तर दात्याच्या ऑपरेशनचा खर्च रुग्णाच्या पॉलिसीतून मिळतो का, आणि दात्याच्या आधीच्या तपासण्यांचा? यांतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. पहिल्या वर्षाची औषधं आणि तपासण्या यांची तजवीज ऑपरेशनच्या खर्चाइतकीच आधी करा. पैसे संपले म्हणून औषध बंद केल्याने गेलेल्या किडन्या कमी नाहीत.

ऑपरेशन

दात्याची किडनी दुर्बिणीने काढतात, तीन-चार तास लागतात, आणि ओटीपोटावरच्या आडव्या छेदातून ती बाहेर घेतात. पोटात भरलेल्या वायूमुळे दोन दिवस खांदा दुखतो, घाबरायचं कारण नाही. तीन ते पाच दिवसांत घरी.

रुग्णाच्या जुन्या किडन्या सहसा जागेवरच ठेवतात. नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, बहुतेकदा उजवीकडे, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात आणि मूत्रनलिका मूत्राशयाला. जिवंत दात्याची किडनी टेबलावरच लघवी करू लागते. पहिल्या दिवशी कित्येक लिटर होऊ शकते आणि तेवढंच पाणी सलाइनने भरून काढतात. पहिल्या दिवसांत लघवी अचानक थांबली तर रक्तवाहिनीत गुठळी, मूत्रनलिकेतला अडथळा किंवा रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) यांचा शोध तासाभरात सुरू होतो. सगळं सुरळीत असेल तर आठ-दहा दिवसांत सुट्टी.

मूत्रनलिकेत एक डीजे स्टेंट ठेवलेला असतो, तो साधारण तीन ते सहा आठवड्यांत काढतात. काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लाल पेनाने लिहा. विसरलेल्या स्टेंटवर खडे जमतात आणि वारंवार संसर्ग होतो.

औषधं आणि टॅक्रोलिमसची लेव्हल

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून बहुतेकांना प्रतिकारशक्ती दाबणारी तीन: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. शिवाय सुरुवातीचे काही महिने संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल आणि व्हॅलगॅनसिक्लोव्हिर. टॅक्रोलिमस बारा तासांच्या अंतराने, ठरलेल्या वेळी.

लेव्हलची, म्हणजे रक्तातल्या टॅक्रोलिमसच्या प्रमाणाची, तपासणी हमखास चुकते. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. रात्री ९ ला घेतली तर सकाळी ९ ला रक्त, मग गोळी. सवयीने गोळी घेऊन लॅबला गेलात तर लेव्हल खोटी जास्त येते, डॉक्टर डोस कमी करतात आणि महिन्याभरात क्रिएटिनिन चढतं. गोळी आधीच घेतली गेली असेल तर लॅबवाल्याला सांगून त्या दिवशी रक्त देऊ नका.

पपनस आणि ग्रेपफ्रूट लेव्हल वाढवतात, खाऊ नका. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन वाढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सचं फेनिटॉइन एकदम पाडतात. जुलाब झाले तरी लेव्हल वाढते. म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांनी काहीही लिहून दिलं तरी नेफ्रॉलॉजिस्टना व्हॉट्सअॅपवर दाखवून मगच घ्यायचं. केमिस्टने ‘हेच, फक्त दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून दिलेलं टॅक्रोलिमस घेऊ नका. बदलावंच लागलं तर डॉक्टरांना सांगून पुन्हा लेव्हल. आणि गुळवेलीचा काढा? नाही. प्रतिकारशक्ती वाढवणारं काहीही तुमच्या उपचाराच्या उलट दिशेला काम करतं. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन कायमचं वर्ज्य, दात्यालाही.

मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहे. मूल हवं असेल तर ट्रान्सप्लांटनंतर वर्षभर तरी थांबून, औषध बदलून आणि त्यानंतर सहा आठवडे जाऊ देऊन.

घरी आल्यावर

पहिला महिना आठवड्यातून दोनदा ओपीडी, मग आठवड्याला, तीन महिन्यांनंतर हळूहळू महिन्यावर. सोलापूर, सातारा, नगरकडून आलेल्यांनी हे तीन महिने पुण्यातच खोली घ्यावी. स्वतंत्र संडास-बाथरूम असलेली, आणि जवळ जुन्या वाड्याचं पाडकाम चालू नसलेली. पाडकामाच्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते. खिडकीतल्या कबुतरांची विष्ठा रुग्णाने स्वतः साफ करायची नाही.

वर्षानुवर्षं घोटाघोटाने पाणी प्यायलेल्या माणसाला आता रोज अडीच-तीन लिटर प्यायला सांगतात आणि ते जमत नाही. बाटल्या भरून समोर ठेवा. पाणी उकळलेलं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात पसरलेल्या जीबीएसच्या (मज्जातंतूंच्या गियाँ-बारे आजाराच्या) मागे दूषित पाणी होतं, हे ध्यानात असू द्या. टँकरचं आणि सोसायटीच्या टाकीचं पाणी न उकळता नाही. पाणीपुरी, रसवंतीतला उसाचा रस, बाहेरची कोशिंबीर, कच्चं दूध वर्षभर तरी नको. गणपतीची गर्दी आणि वारी पहिल्या वर्षी टीव्हीवर.

रोज सकाळी वजन, बीपी, तापमान आणि लघवी वहीत लिहा. ताप १००.४ च्या वर, दोन दिवसांत दोन किलो वजन वाढ, लघवी कमी, पायाला सूज, किडनीच्या जागी दुखणं किंवा एकही औषध पोटात न टिकणारी उलटी असेल तर त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. रिजेक्शनमध्ये बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, फक्त क्रिएटिनिन वाढतं. वेळेवर पकडलं तर बहुतेक वेळा आटोक्यात येतं.

दात्याची तपासणी सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दर वर्षी: बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन. दान केल्यावर क्रिएटिनिन ०.८ वरून १.१-१.२ वर जातं आणि लॅब रिपोर्टवर ईजीएफआरपुढे लाल खूण येते. पहिल्यांदाच पाहणारे डॉक्टर ‘किडनीचा आजार’ लिहून मोकळे होतात, कधी विम्याच्या कागदावरही. म्हणून दात्याची फाईल रुग्णाच्या फाईलमध्ये न ठेवता वेगळी करा आणि तिच्यात दानाआधीचे रिपोर्ट, ऑपरेशनचा डिस्चार्ज आणि तीन महिन्यांनंतरचं स्थिर क्रिएटिनिन लावून ठेवा. पुढच्या प्रत्येक आकड्याची तुलना त्या क्रिएटिनिनशी करायची असते.